ऑल्ड लँग साइन नेमकं कशाबद्दल आहे?

३१ डिसेंबरला रात्री बारा वाजले की टीव्हीवर लंडन दाखवोत, एडिनबरा दाखवोत नाहीतर न्यूयॉर्क, मागे एक ठरलेली धून सुरू होते आणि लोक एकमेकांचे हात धरून डोलत डोलत काहीतरी गायला लागतात. तीच धून आपल्याकडे पुण्याजवळ खडकवासल्याला एनडीएच्या (तिन्ही सैन्यदलांचे अधिकारी घडवणाऱ्या प्रबोधिनीच्या) पासिंग आउट परेडला बँडवर ऐकू येते, कॅडेट्स शेवटचं पाऊल टाकतात तेव्हा. गाण्याचं नाव ऑल्ड लँग साइन. धून आपण सगळ्यांनी कुठे ना कुठे ऐकलेली आहे, शब्द मात्र फार थोड्यांना माहीत असतात, कारण ते धड इंग्रजी नाहीत. त्यामुळे झालंय असं की जगभर हे निरोपाचं गाणं म्हणून वाजतं. पण शब्द नीट वाचले ना, तर ते निरोपाचं अजिबात नाहीये. लहानपणीचे दोन मित्र खूप वर्षांनी परत भेटलेत आणि एकमेकांशी बोलतायत, एवढंच आहे त्यात. मला हे गाणं फार आवडतं आणि त्याचा हा मूळ अर्थ हरवू नये असं मनापासून वाटतं, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी भाषेचं बघू. हे स्कॉट्स भाषेत आहे. स्कॉट्स म्हणजे स्कॉटलंडच्या सखल भागात बोलली जाणारी, इंग्रजीच्या नात्यातली पण वेगळी भाषा. ऑल्ड म्हणजे जुना, लँग म्हणजे लांब, साइन म्हणजे तेव्हापासून किंवा पूर्वी. तिन्ही मिळून अर्थ होतो ‘फार फार पूर्वीचे ते दिवस’. बरेच जण शेवटचा शब्द झाइन असा म्हणतात, पण स्कॉटिश लोक त्यात स्वच्छ स म्हणतात, साइन. आणि धृपदात ‘फॉर द सेक ऑफ’ असं जे सगळे जोरात गातात ते शब्द मूळ कवितेत नाहीतच, नंतर लोकांनी घुसवलेत. मूळ ओळ नुसती ‘फॉर ऑल्ड लँग साइन’ अशी आहे, म्हणजे त्या जुन्या दिवसांसाठी.

आता कडव्यांकडे येऊ. एकूण पाच कडवी आणि धृपद. पहिलं कडवं प्रश्न विचारतं, जुनी ओळख विसरून जायची का, मनात परत आणायचीच नाही का? खूप जणांना वाटतं की ‘जुनं विसरा, नवीन वर्ष सुरू झालं’ असा सल्ला दिलाय, पण तो सल्ला नाहीये, प्रश्न आहे, आणि उत्तर गृहीतच धरलंय की छे, असं कसं विसरायचं. मग धृपद येतं की त्या जुन्या दिवसांसाठी आपण मायेचा एक पेला घेऊ.

त्याच्या पुढच्या कडव्यात एक मित्र दुसऱ्याला म्हणतो की तुझ्या पेल्याचं तू बघशील, माझ्या पेल्याचं मी बघीन. आपल्याकडे कॉलेजची पोरं टीटीएमएम म्हणतात ना, तुझं तू माझं मी, ते चक्क या गाण्यात आहे! मला हे कडवं फार खरं वाटतं. इतक्या वर्षांनी भेटलेल्या दोघांमध्ये एक श्रीमंत झाला असेल, एकाचं काही जमलं नसेल, पण इथे कुणी कुणावर उपकार करत नाही, दोघं बरोबरीने बसलेत.

तिसरं आणि चौथं कडवं म्हणजे या गाण्याचा जीव आहे आणि नेमकी तीच दोन कडवी न्यू इयरला कुणी गात नाही. तिसऱ्यात तो म्हणतो, आपण दोघं डोंगरउतारांवर धावलो, डेझीची रानफुलं तोडली, पण त्यानंतर थकल्या पायांनी खूप वणवण झाली. चौथ्यात म्हणतो, आपण दोघं ओढ्यात पाय घालून खेळलो, सकाळचं ऊन पडल्यापासून पार जेवणाच्या वेळेपर्यंत, पण मग आपल्या मधे मोठेच्या मोठे समुद्र गर्जत राहिले. बघा किती साधं सांगितलंय. प्रत्येक कडव्यात दोन ओळी लहानपणाच्या आणि दोन ओळी मधल्या वर्षांच्या. मधे काय काय झालं, कोण कुठे गेला, लग्न झालं का, आईवडील गेले का, यातलं काहीच नाही. फक्त समुद्र. ओढ्यापासून सुरुवात झाली आणि पाणी वाढत वाढत समुद्र झाला, हे कवीने मुद्दाम केलंय का आपोआप झालंय कोण जाणे, पण वाचताना अंगावर येतं.

आणि पाचवं कडवं, हा घे माझा हात, माझ्या विश्वासू मित्रा, आणि तुझा हात दे इकडे. मग दोघं मिळून मनापासून एक मोठा घोट घेतात. संपलं गाणं. म्हणजे वणवण झाली, समुद्र झाले, आणि सगळ्यात शेवटी हातात हात आला. कुणीही कुणाला जा म्हणत नाहीये किंवा अच्छा येतो म्हणत नाहीये.

हे लिहिलं रॉबर्ट बर्न्सने. जन्म २५ जानेवारी १७५९, स्कॉटलंडच्या आयरशर भागात ॲलोवे गावी, बाप शेतकरी, परिस्थिती तंगीची, लहानपणापासून शेतात राबलेला माणूस. आईकडून लोकगीतं ऐकत मोठा झाला. १७८६ मध्ये तो इतका अडचणीत होता की देश सोडून जमैकाला जायचं त्याने ठरवलं होतं, तिथल्या मळ्यावर कारकुनीची नोकरी मिळणार होती (आणि ते मळे गुलामांच्या श्रमावर चालायचे हेही सांगायला हवं, बर्न्सवर प्रेम असलं तरी ही गोष्ट लपवायची नाही). त्याच वर्षी किल्मार्नक गावात त्याच्या कवितांचं पहिलं पुस्तक छापलं गेलं, ६१२ प्रती, किंमत तीन शिलिंग, आणि ते इतकं गाजलं की तो जमैकाला गेलाच नाही, एडिनबराला गेला. त्या काळात स्कॉटलंडमधून किती तरी लोक पोटासाठी अमेरिकेला, कॅनडाला, वेस्ट इंडीजला जात होते आणि त्यातले बरेच परत कधीच दिसायचे नाहीत. तेव्हा ‘आपल्या मधे समुद्र गर्जले’ ही ओळ वाचताना हे डोक्यात ठेवा. ज्याने ती लिहिली तो स्वतः त्या समुद्राच्या काठापर्यंत जाऊन आलेला होता.

गाण्याचा पहिला उल्लेख सापडतो तो १७ डिसेंबर १७८८ च्या एका पत्रात. फ्रान्सेस डनलॉप नावाच्या बाई होत्या, बर्न्सपेक्षा वयाने बऱ्याच मोठ्या, त्याच्या कवितांच्या चाहत्या आणि जवळच्या मैत्रीण, दोघांचा पत्रव्यवहार खूप वर्षं चालला. तर या पत्रात बर्न्स त्यांना लिहितो की तुमची जुन्या शाळासोबत्याशी भेट झाली ती हकिकत वाचून फार बरं वाटलं, जगाच्या रीतींमुळे माणसांमधला असा जिव्हाळा नासतो, आणि त्याच ओघात म्हणतो की आपल्या स्कॉट्समधला ऑल्ड लँग साइन हा शब्दप्रयोग किती बोलका आहे नाही, या नावाचं एक जुनं गाणं आहे ज्याने मी कितीदा थरारून गेलोय, आणि ते पाठवतो. म्हणजे कागदावर हे गाणं पहिल्यांदा आलं तेच शाळेतल्या जुन्या सोबत्याच्या भेटीवरून! कुणी म्हणालं की हे निरोपाचं गाणं आहे, तर माझ्या मते हे एक पत्र दाखवलं की पुरे.

आता ‘जुनं गाणं’ म्हणजे काय, मग बर्न्सने लिहिलं की नाही? इथे थोडा गुंता आहे. पुढे एका संपादकाला लिहिताना बर्न्सने सांगितलं की एका म्हाताऱ्याच्या तोंडून ऐकून मी हे उतरवून घेतलं, त्याआधी ते कधी छापलेलं नव्हतं. पण जुनी ओळख विसरायची का, हा पहिला प्रश्न आधीच्या कवितांमध्येही सापडतो. १७११ मध्ये जेम्स वॉटसनने छापलेल्या संग्रहात त्याच ओळीने सुरू होणारी कविता आहे, पण ती प्रेमभंगाची आहे, प्रेयसी विसरली म्हणून तक्रार. नंतर ॲलन रॅम्झी नावाच्या कवीनेही आपली एक लिहिली, तीही प्रेमाचीच, रणांगणावरून परत आलेल्या प्रियकराची. या दोन्ही आज कुणाला आठवत नाहीत. ओढा, रानफुलं, समुद्र, पेला, हात, हे सगळं त्या छापील कवितांमध्ये नाही. बहुतेक अभ्यासक असं मानतात की सुरुवातीचा सांगाडा जुना आणि धावण्याची, ओढ्याची कडवी बर्न्सची. मला स्वतःला सगळ्यात मोठी गोष्ट ही वाटते की त्याने प्रियकर-प्रेयसीचं गाणं उचललं आणि दोन दोस्तांना देऊन टाकलं. गाण्यांमध्ये प्रेमाला कधीच तोटा नसतो, मैत्रीला मात्र स्वतःचं असं गाणं फार कमी वेळा मिळतं.

आणि त्याने स्वतःचं नाव पुढे का केलं नाही, तर त्या काळाचा संदर्भ बघावा लागेल. १७०७ मध्ये स्कॉटलंड आणि इंग्लंडची संसद एक झाली, त्यानंतर एडिनबऱ्यातली शिकली सवरलेली मंडळी इंग्रजी बोलण्या-लिहिण्याकडे वळली, स्कॉट्स बोलणं गावंढळ समजलं जायला लागलं. अशा काळात बर्न्सने उरलेलं आयुष्य स्कॉट्स गाणी गोळा करण्यात घातलं, तुटकी कडवी पुरी केली, चालींना शब्द दिले. जेम्स जॉन्सन आणि जॉर्ज थॉमसन या दोघांच्या संग्रहांसाठी त्याने शेकडो गाण्यांवर काम केलं, तेही त्याचा मोबदला न मागता. आपल्याकडे साने गुरुजींनी बायकांच्या जात्यावरच्या ओव्या जमवल्या, त्याच जातीचं काम. फक्त बर्न्स जमवता जमवता स्वतः त्यात भर घालायचा आणि कुठे जुनं संपलं, कुठे त्याचं सुरू झालं हे सांगत बसायचा नाही.

दुःख याचं की हे गाणं छापलेलं त्याने पाहिलंच नाही. २१ जुलै १७९६ ला तो डम्फ्रीस गावात वारला, वय फक्त ३७, आणि जॉन्सनच्या संग्रहाचा ज्या भागात हे गाणं आहे तो भाग त्याच वर्षाच्या शेवटी बाहेर पडला. त्यात चालसुद्धा वेगळी होती. आज आपण ऐकतो ती चाल थॉमसनने १७९९ मध्ये लावली. म्हणजे जगाला पाठ असलेली ही शब्द-चालीची जोडी बर्न्स गेल्यावर तीन वर्षांनी जमली.

चालीबद्दल थोडं, कारण आपल्याला ती इतकी ओळखीची का वाटते याचं कारण इथे आहे. ती स्कॉटिश नाचाच्या जुन्या चालींच्या घराण्यातली आहे, मूळ वेगाने वाजली तर पाय थिरकतील अशी, नंतर संथ झाली. आणि तिच्यात फक्त पाच स्वर आहेत, सा रे ग प ध. मध्यम नाही, निषाद नाही. म्हणजे आपल्या भूपाचे स्वर! पेटी असेल घरी तर करून बघा, खालच्या पंचमापासून सुरू करा, मग सा सा सा ग, रे सा रे ग, सा सा ग प, आणि ध वर थांबा. झाली पहिली ओळ. अर्थात हा भूप राग नव्हे, रागाची चलन असते, नियम असतात, ते काही स्कॉटलंडच्या शेतकऱ्यांना माहीत नव्हते. पण स्वर तेच, त्यामुळे पहाटेच्या भूपाळ्या ऐकत वाढलेल्या कानाला ही धून परकी वाटत नाही. चीन, जपान, कोरिया इकडेही पाच स्वरांचं संगीत जुनं आहे, आणि हे गाणं तिकडे इतकं रुजलं त्यात या पाच स्वरांचा वाटा आहेच.

मग हे न्यू इयरला कसं काय चिकटलं? स्कॉटलंडमध्ये सोळाव्या शतकातल्या प्रोटेस्टंट धर्मसुधारणेनंतर चर्चने ख्रिसमस साजरा करायला फारच नाक मुरडलं, इतकं की तिथे ख्रिसमसची सार्वजनिक सुट्टी १९५८ मध्ये सुरू झाली. त्यामुळे हिवाळ्यातला मोठा सण म्हणजे वर्षाची शेवटची रात्र, त्याला ते हॉगमने म्हणतात. त्या रात्री शेजारीपाजारी एकमेकांकडे जातात, मित्र जमतात, पेला भरला जातो, आणि अशा बैठकीत हे गाणं न येतं तरच नवल. हातांची कडी करून गाण्यात फ्रीमेसन (एक जुनी बंधुसंघटना) लोकांच्या सभांचा वाटा आहे असं मानतात, बर्न्स स्वतः मेसन होता. पुढे स्कॉटिश माणसं जिथे जिथे गेली तिथे गाणं गेलं. कॅनडात ओंटारिओमधल्या लंडन नावाच्या शहरात वाढलेला बँडवाला गाय लोंबार्डो, त्याच्या भागात स्कॉटिश वस्ती बरीच होती, त्याने १९२९ च्या शेवटच्या रात्री न्यूयॉर्कच्या रूझवेल्ट हॉटेलातून रेडिओवर हे वाजवलं आणि मग जवळजवळ आयुष्यभर दरवर्षी वाजवत राहिला, आधी रेडिओ, मग टीव्ही. अमेरिकेला लागलेली सवय मग जगाला लागली. आणि वर्ष संपताना वाजतं म्हणजे ते संपण्याचं गाणं आहे, असा समज पक्का झाला.

आशियात तर त्याने वेगवेगळे अवतार घेतले. जपानमध्ये १८८१ च्या शालेय गाण्यांच्या पुस्तकात या चालीवर काजव्यांच्या उजेडात अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्यांचं गाणं आलं, ते शाळा सोडताना गायचं झालं, आणि आज तिथल्या दुकानांत बंद व्हायच्या वेळी ही धून लागते. कोरियन लोकांनी जपानी सत्तेच्या काळात आपलं राष्ट्रगीत याच चालीवर गायलं, दक्षिण कोरियात १९४८ मध्ये सरकार आलं तेव्हा अधिकृतपणे आन इक-ते या संगीतकाराची नवी चाल घेतली. मालदीवचं राष्ट्रगीतही १९७२ पर्यंत याच चालीवर होतं.

पण या सगळ्यात एका माणसाने शब्दांचा गाभा बरोबर पकडला, तो म्हणजे रवींद्रनाथ टागोर. तरुणपणी ते इंग्लंडला गेले होते, तिथल्या आणि स्कॉटिश-आयरिश चाली कानात घेऊन आले. त्यांचं ‘पुरानो शेई दिनेर कोथा’ हे बंगाली घराघरांत गायलं जाणारं गाणं याच चालीवरून केलेलं आहे. त्यांनी शब्दांचं भाषांतर केलं नाही. डोंगर आणि डेझीच्या जागी पहाटे फुलं वेचणं आलं, झोपाळा आला, बकुळीखाली बासरी वाजवत गाणं आलं. मग मधे ताटातूट झाली, कोण कुठे गेलो. आणि त्याच्यापुढे ते म्हणतात की आता परत भेट झालीच आहे तर सख्या, जिवाच्या आत ये. परत भेट! बर्न्सची कडवी दुसऱ्या मातीत लावली आणि मूळ शाबूत ठेवलं. यूट्यूबवर दोन्ही एकापाठोपाठ ऐका.

महाराष्ट्राशी याचं नातं लष्करी बँडमधून आलंय. २८ फेब्रुवारी १९४८ ला मुंबईत गेट वे ऑफ इंडियाच्या कमानीतून सॉमरसेट लाइट इन्फन्ट्रीची पहिली बटालियन बाहेर पडली, भारत सोडणारी ती शेवटची ब्रिटिश पलटण. भारतीय तुकड्यांनी मानवंदना दिली आणि त्यांचं निशाण संथ चालीत कमानीखालून गेलं ते ऑल्ड लँग साइनच्या सुरावर. तिथे ते निरोपाचं होतं, दुसरं काय असणार. एनडीएमध्ये मात्र मला दोन्ही अर्थ एकत्र दिसतात. तीन वर्षं एका स्क्वाड्रनमध्ये राहिलेली, एकत्र पळालेली, एकत्र शिक्षा भोगलेली पोरं, ती या धुनेवर संथ पावलं टाकत क्वार्टरडेकवरून जातात, त्याला अंतिम पग म्हणतात. पुढे कोणी डेहराडूनला, कोणी एळिमलाला, कोणी दुंडिगलला. आर्मी, नेव्ही, एअर फोर्स. म्हणजे त्या पोरांसाठी ही गाण्याच्या मधल्या ओळींची सुरुवात आहे, पाय थकायचे आहेत, समुद्र यायचे आहेत, काहींच्या बाबतीत अगदी खरेखुरे समुद्र. हाताचं कडवं वीस-पंचवीस वर्षांनी येणार.

म्हणून मला वाटतं की हे गाणं सेंड-ऑफपेक्षा दहावीच्या बॅचच्या गेट-टुगेदरला जास्त शोभतं. आता व्हॉट्सॲपमुळे गावोगावच्या शाळांची जुनी पोरं एकमेकांना शोधून काढतात, पंचवीस वर्षांनी त्याच वर्गात बाकावर बसतात, कॉन्ट्रिब्युशन काढून जेवण ठेवतात, कुणी दुबईहून आलेलं असतं, कुणी शेजारच्या वाडीतून. तिथे गायचं तर दोन गोष्टी सांभाळा. पहिल्या कडव्यावर थांबू नका, ओढ्याचं आणि समुद्राचं कडवं घ्याच, त्याच्याशिवाय शेवटच्या कडव्याला अर्थ येत नाही. आणि दुसरं म्हणजे हात सुरुवातीपासून धरून ठेवू नका. स्कॉटलंडमध्ये जाणकार लोक शेवटचं कडवं येईपर्यंत नुसते गोल करून उभे राहतात, आणि ‘हा घे माझा हात’ ही ओळ आली की मगच छातीसमोर हात आडवे करून उजवा हात डावीकडच्याला आणि डावा उजवीकडच्याला देतात.